झाकण धरत नाही तेव्हा: बाटलीबंद मुरंबा, जॅम आणि टोमॅटो प्युरेसाठी

भरून झाकण लावलेली बाटली उकळत्या पाण्यात असताना आतली हवा झाकणाखालून बाहेर पडते. बाटली निवली की आत उरलेली वाफ आकसते, झाकण खाली ओढलं जातं आणि त्याच्या आतल्या बाजूचा मऊ थर काचेच्या काठावर चिकटून बसतो. बाटली हवाबंद होते, म्हणजे झाकण धरतं, ते असं. म्हणून झाकण धरलं नाही तर तीनच प्रश्न विचारायचे: हवा पुरेशी बाहेर गेली का, काठ स्वच्छ आणि सपाट होता का, आणि निवताना कुणी झाकणाला हात लावला का?

इंदूरकरांनी पहिल्या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्यावं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबई किंवा बडोद्याच्या नातेवाइकांकडून आलेली वेळ इथे कमी पडते. अर्ध्या लिटरच्या टोमॅटो प्युरेला समुद्रकाठी 35 मिनिटं लागतात, इथे 40. पाव किंवा अर्ध्या लिटरच्या जॅमला 5 ऐवजी 10. वेळ मोजायची ती पाणी खळखळून उकळायला लागल्यावर. पाणी झाकणाच्या वर किमान अडीच सेंटिमीटर असावं आणि बाटल्यांखाली जाळी हवी.

तपासणी घाईने करू नका. बाटल्या 12 ते 24 तास न हलवता ठेवा, मग झाकणाच्या मधोमध बोटाने दाबा. मध्य खाली गेलेला असेल आणि दाबल्यावर हलत नसेल तर ठीक. टक् आवाज करून वर येत असेल तर झाकण धरलेलं नाही. दोन भागांचं झाकण असेल तर बाहेरची रिंग काढा आणि नुसत्या चकतीला धरून बाटली ओट्यापासून बोटभर उचला. चकती सुटली नाही तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

न धरलेली बाटली उघडलीत की आधी काठ बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. ओलं बोट काठावरून सावकाश फिरवा. टवका उडालेला असेल तर नखाला लागतो. डोळ्यांना न दिसणारा बारीक टवकाही पुरे होतो, आणि अशी बाटली पुन्हा बाटलीबंद करायला घेऊ नका, तिच्यात डाळ भरा. काठ शाबूत असेल तर चिकटा शोधा. सखारंब्याचा पाक, टोमॅटोची बी, आंब्याचा एखादा रेशा: एवढंसं काही झाकणाखाली राहिलं तरी तिथून हवा आत शिरते. भरताना रुंद तोंडाचं नरसाळं वापरा, काठ गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. तेलाचा हात अजिबात नको. तेल काठावर राहिलं तर झाकण घसरतं. तेल घातलेलं लोणचं या पद्धतीने बाटलीबंद करायचंच नाही, ते आपल्या बरणीतच बरं.

दुसरं कारण पदार्थ आणि झाकण यांच्यामधली मोकळी जागा. जॅम आणि मुरंब्यासाठी 6 मिलिमीटर, टोमॅटो आणि फळांच्या फोडींसाठी 12. कमी ठेवलीत तर उकळताना पदार्थ वर येऊन काठ माखतो. जास्त ठेवलीत तर ठरलेल्या वेळात सगळी हवा निघत नाही. भरल्यावर लाकडी काडी बाटलीच्या कडेने फिरवून बुडबुडे काढा. ते निघाले की पातळी खाली जाते, म्हणून मापाची पट्टी त्यानंतर लावा.

रिंग बोटांच्या टोकांनी बसेल एवढीच आवळा. पूर्ण जोर लावला तर हवा बाहेर पडू शकत नाही आणि चकतीला पोचा येतो. बाटल्या बाहेर काढल्यावर रिंग सैल वाटते, आणि हात आपोआप आवळायला जातो. तसं करू नका: मऊ असलेला थर तिथेच सरकतो. झाकण वापरायचं एकदाच, आत एकदा काठाचा ठसा उमटला की ते दुसऱ्या काठावर नीट बसत नाही. गरम जॅम भरून बाटली उलटी ठेवण्याची पद्धत घराघरांत आहे, पण तिने झाकण कच्चं धरतं आणि पुढे बुरशी येते.

बाटलीतला रस पाण्यात उतरून पातळी घटली असेल तर कारण बहुधा घाई असते. गॅस बंद केल्यावर पातेल्याचं झाकण काढा, 5 मिनिटं थांबा, मग बाटल्या सरळ उचला, तिरक्या करू नका. डिसेंबरात गार कडप्प्याच्या ओट्यावर थेट ठेवल्या तर काच तडकते. खाली जाड टॉवेल घाला.

झाकण धरलं नाही हे 24 तासांत कळलं तर काठ तपासून, नवं झाकण लावून पुन्हा पूर्ण वेळ उकळा. एकच बाटली असेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा, कारण दुसऱ्या उकळीने मुरंब्याचा पाक घट्ट होतो.

काही आठवड्यांनी झाकण सुटलेलं, फुगलेलं किंवा पाझरणारं दिसलं तर प्रश्न वेगळा आहे. चव घेऊन बघू नका, टाकून द्या. आणि झाकण घट्ट धरलं म्हणजे आतलं अन्न सुरक्षित, असंही नाही. हवा नसलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या अन्नात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष वासावरून ओळखता येत नाही. म्हणून टोमॅटोच्या अर्ध्या लिटरला 1 टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस किंवा पाव टीस्पून सायट्रिक ॲसिड घालाच. चोइथराम मंडीतून हिवाळ्यात पोत्याने आणलेला मटार आणि किसासाठीचे भुट्ट्याचे दाणे उकळत्या पाण्याच्या पद्धतीने किंवा घरच्या कुकरमध्ये बाटलीबंद करू नका, फ्रीझरमध्ये ठेवा. पिकल्या आंब्याचा रसही तसाच, तो पुरेसा आंबट असेलच असं नाही.

बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर काचेवर आणि आट्यांवर बसत असेल तर उकळायच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. निवलेल्या बाटल्यांच्या रिंगा काढून, आटे धुऊन, कोरड्या करून मगच फडताळात ठेवा. रिंग तशीच राहिली तर गंजते, आणि सुटलेली चकती तिच्याखाली लपून राहते.