२०० लिटरच्या पिंपाचा स्मोकर

पिंपाचा स्मोकर, म्हणजे मांस-मासे धुरावर मंद आचेत शिजवायची पिंपाची भट्टी, हवेवर चालतो. कोळसा कितीही भरा, जेवढी हवा सोडाल तेवढाच तो जळतो. म्हणून पिंप निवडण्यापासून सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी: हवा आपण ठरवू तिथूनच आत यावी.

झाकण लोखंडी रिंगने आवळता येतं असंच पिंप घ्या. नवी मुंबईत तुर्भे, महापे, रबाळेच्या भंगारात पिंपांची कमी नाही, पण त्यातली बरीच केमिकलची असतात. स्वस्तात मिळाली तरी ती नकोतच. आत काय होतं हे विकणाराही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि पूर्वी ज्वालाग्राही द्रव भरलेला असलेल्या बंद पिंपावर ग्राइंडर चालवला तर उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. वाशीच्या एपीएमसी (घाऊक बाजार) परिसरात आंब्याच्या रसाचं पिंप मिळतं का पाहा. रस आतल्या पिशवीत असल्यामुळे पत्र्याला लागलेला नसतो. आतून लाल किंवा पिवळसर लेप असलेलं पिंप टाळा, तो जाळूनही सहज निघत नाही. गॅल्व्हनाइज्ड पिंप, जाळी किंवा खिळे आत वापरू नका, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर होतो.

तळापासून ५ सेंमी वर, सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा. त्यांत पाऊण इंची पितळी निपल (आटे असलेल्या आखूड नळ्या) आतून-बाहेरून चेकनटने बसवायच्या. इथे हमखास फसगत होते: पाऊण इंची निपलचा बाहेरचा व्यास २७ मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे १९ मिमीचं भोक पाडलं तर ती आत जातच नाही. एका निपलला बॉल व्हॉल्व्ह (दांडी फिरवून उघडझाप होणारा नळ), बाकी दोघींना टोप्या. झाकणाला १२ मिमीची आठ भोकं गोलात.

निपल आणि व्हॉल्व्ह बसवण्याआधी पिंप जाळून घ्या, मोकळ्या मैदानात, सोसायटीत नाही. झाकण काढून लाकडांनी भरा आणि दोन तास भडकू द्या. बाहेरचा रंग राखाडी पडून सुटला की वायर ब्रशने घासा. बाहेरून फक्त उष्णतारोधक रंग लावा, आतून खाद्यतेलाचा हात फिरवा आणि २-३ तास रिकामंच धुरी द्या.

कोळशाची टोपली एक्स्पांडेड जाळीची (पत्रा चिरून ताणलेली जाळी), ३५ सेंमी व्यासाची, २५ सेंमी उंच. खाली ८ सेंमीचे पाय आणि राखेसाठी ताट. पाय नसले तर राख साचून हवेची वाट बंद होते. मांसाची जाळी टोपलीच्या बुडापासून ६० सेंमी वर, चार स्टीलच्या बोल्टवर. थर्मामीटरची दांडी त्याच उंचीला खुपसा. झाकणावर लावलं तर वेगळंच तापमान दिसेल.

टोपली कोळशाने भरा, मध्ये मुठीएवढे बाभळीचे किंवा आंब्याच्या लाकडाचे ३-४ सुके तुकडे. प्लायवूड, रंगवलेलं किंवा पॅकिंगचं लाकूड चालणार नाही. १०-१२ निखारे वेगळे पेटवून वर ठेवा, सगळा कोळसा एकदम पेटवू नका. निपल उघड्या ठेवून सुरू करा आणि काटा १०० अंशांवर आला की टोप्या लावायला लागा. तापमान चढवणं सोपं, उतरवणं महाकठीण. ११० ते १३० मध्ये व्हॉल्व्हने खेळवा. मांस आत असेपर्यंत झाकणावरची भोकं मात्र बंद करू नका, धूर कोंडला की मांस कडू होतं. दाट पांढरा धूर येत असेल तर थांबा, तो पातळ निळसर झाला की मगच मांस ठेवा.

झाकण उघडून बघण्याचा मोह आवरा. उघडलं की हवा शिरते, टपकलेली चरबी पेट घेते आणि काटा १८० वर. असं झालं तर झाकण लावून व्हॉल्व्ह बंद करा, १५ मिनिटं हात लावू नका. बंद करूनही तापमान चढतच असेल, तर रिंगच्या फटीतून हवा येते आहे. फटीतून निघणारा धूर ती जागा दाखवेल; तिथे उष्णता सोसणारी फायबरग्लासची दोरी लावा.

मीठ लावलेला बांगडा पुसून कोरडा करून ठेवला तर साधारण तासाभरात होतो. कोंबडीच्या तंगड्यांना दीड-दोन तास. हाडाजवळ ७४ अंशांच्या वर गेल्याशिवाय काढू नका. गॅलरीत किंवा बंद जागेत हा प्रकार अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

काम झालं की वरच्या भोकांसह सगळं बंद करा. कोळसा विझतो आणि उरलेला पुन्हा वापरता येतो. राख मात्र थंड झाली की लगेच काढा. खाडीकाठच्या दमट हवेत ओली राख तळाचा पत्रा खाते, आणि पावसाळाभर तशीच राहिली तर तळ गंजून भोकं पडायला लागतात.