मंदिरात, मयतीत, एसटीत फोन: या चुका टाळा बाप्पा

सगळे रिंगटोनवर बोलतात, ब्लूटूथवर कोणी बोलत नाही, आणि माझी इज्जत गेली ती ब्लूटूथनंच. गावात सप्ताह सुरू होता, पहाटे काकड्याआधी भजन लावायला मंदिरातल्या ॲम्प्लीफायरला माझाच फोन जोडला होता, तो तोडायचा राहून गेला. रात्री कीर्तन. बुवा रंगात आलेले, टाळकरी दोन्ही बाजूंनी उभे, आणि मी मागं खांबाला टेकून साळ्याचा व्हॉइस मेसेज दाबला. फोनचा आवाज दोनच काड्या होता, पण ॲम्प्लीफायरचा नव्हता ना. वरच्या चार भोंग्यांतून साळा बोलला, "भाऊजी, पाचशे काहून देता वर्गणी, एक्कावन टेकवा न मोकळे व्हा, तसंही मंडळवालेच खातेत."

टाळ थांबले. मंडळाचा अध्यक्ष माझ्या बाजूलाच बसला होता, तो काही बोलला नाही, फक्त उपरणं सारखं केलं. सकाळी खळ्यावर झोपणारा म्हातारा विचारतो, "मंग, किती टेकवले बे?" अकराशे एक दिले, दुसरं काय करणार.

तेव्हापासून पायरीवर चप्पल काढतो तिथंच ब्लूटूथ बंद करतो, दोन्ही कामं सोबत. पोरं म्हणतात काका त्याच्यासाठी ॲप येते, जागा ओळखून आपोआप बंद करते. ज्याला वरची पट्टी ओढून एक बटण दाबायचा कंटाळा, तो ॲपची सेटिंग कधी करणार?

"सायलेंट केला होता, तरी वाजला": अलार्म वाजला असेल. बहुतेक फोनमध्ये सायलेंट केल्यानं रिंग बंद होते, अलार्म नाही. मोटर बंद करायचा 11 चा अलार्म लावून मयतीला गेलेले लोक मी पाहिले आहेत. आणि फोन वाजलाच तर बाहेर काढून नाव वाचत बसू नका, बाजूचं आवाजाचं बटण कपड्यावरूनच दाबा, रिंग गप होते, कॉल कटत नाही.

व्हायब्रेटवरचा फोन ग्रामसभेत लोखंडी टेबलावर ठेवू नका. घर्रर्र आवाज रिंगटोनपेक्षा वाईट.

आता एसटी. आर्वी-पुलगाव गाडीत मागच्या सीटवरचा भाऊ फोन भाकरीसारखा तोंडासमोर आडवा धरून, स्पीकर चालू करून ओरडून राहिला होता. आधी कापसाचे किती जमा झाले ते सांगितलं, मग कोणत्या बँकेत ते, मग समोरच्यानं मागितला म्हणून ओटीपी. पहिले तीन अंक मला अजून पाठ आहेत! कंडक्टर म्हणाला, "भाऊ, पासबुकही फिरवून द्या सगळ्याईले." त्यावर भाऊ म्हणे रेंज नाही म्हणून मोठ्यानं बोलून राहिलो. अरे, तू ओरडल्यानं टॉवर जवळ येतो का? माइक खाली असतो, चार्जिंगच्या भोकाजवळ, तो भाग तोंडाजवळ घ्या, वर हाताचा आडोसा धरा, हळू बोललं तरी जातं. रेंज खरंच नसेल तर ठेवून द्या, पुलगाव आल्यावर बोला. पैसे गेल्यावर 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावावा लागतो, आणि मग तिथंही असंच ओरडावं लागतं.

रील पाहणाऱ्यांना मी आता काही म्हणत नाही, सरळ शंभराचा इअरफोन पुढं करतो. अर्धे लाजून बंद करतात, अर्धे इअरफोन ठेवून घेतात. बडनेऱ्यावरून रात्रीची रेल्वे धरली असेल तर तिथं 10 नंतर मोठ्यानं बोलायला आणि गाणी लावायला मनाई आहे, टीटीईला सांगा, स्वतः भांडू नका.

मयताचा फोटो स्टेटसला टाकायची घाई नको, बाहेरगावच्या पोरीला आधी माणसानं फोन करून सांगू द्या.

फोटो दाखवायला कोणी फोन दिला तर एकच पाहा, पुढं सरकवू नका.

दोनदा लावून उचलला नाही तर मेसेज टाका. आधी मिस कॉलवर भागत होतं, 2016 ला जिओ आल्यापासून लोक लागोपाठ अकरा कॉल मारतात आणि काम काय, तर "काही नाही, सहज".

आणि शेतकऱ्याला सकाळी 7 वाजता फोन करून "झोपून होते का?" विचारू नका. मोटरची लाईन बरेचदा रात्रीची असते, माणूस ओलित करून पहाटे आलेला असतो. हो, झोपूनच होतो.