पुस्तक आबांचं, लिहिणारी मी

महिन्यातून एखादा तरी मेसेज येतोच, ताई मला घोस्टरायटिंगमध्ये यायचंय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं सांगून टाकते. मी आधी साताऱ्यात पेपरमध्ये उपसंपादक होते, लग्नानंतर पुण्यात आले, आणि गेल्या 11 वर्षांत दुसऱ्यांच्या नावाने 26 पुस्तकं लिहिली. स्मरणिका, गौरवग्रंथ, अध्यक्षीय भाषणं आणि ती दीड पानी ‘मनोगतं’ मोजलेलीच नाहीत. मुखपृष्ठावर माझं नाव एकदाही नाही. दोन पुस्तकांत आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘शब्दांकन’ म्हणून आहे, तेही एकात आडनाव चुकलंय.

पहिलं काम मिळालं ते कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीवाल्या आबांचं. वय 80, सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात पुस्तक वाटायचं असं मुलांनी ठरवलेलं. मी नवीन, उत्साह भरपूर, चार भेटी झाल्यावर तीन प्रकरणं झोकात लिहून पाठवली. पावसाळी संध्याकाळ, भट्टीचा तांबूस प्रकाश, वगैरे वगैरे. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन, “पोरी, लई शोभेचं झालंय. मी कधी अंतर्मुख झालोय व्हय?”

तिन्ही प्रकरणं फेकून दिली. मग 38 तासांचं रेकॉर्डिंग केलं आणि सगळं स्वतः टाइप केलं, तासाभराच्या बोलण्याला मला चार-पाच तास लागायचे. आता फोनमधलं अ‍ॅप बरंचसं उतरवून देतं हे मान्य, तरी पहिल्या पाच-सहा तासांचं तुम्ही हातानेच करा असं मी सांगेन, कारण माणूस कुठे थांबतो, कुठला शब्द परत परत वापरतो, कुणाचं नाव आलं की विषय बदलतो हे तिथेच कळतं. आबा दारिद्र्य हा शब्द वापरायचेच नाहीत, “तवा जरा ओढाताण होती” एवढंच म्हणायचे. मी वहीत दोन रकाने करते, हा माणूस वापरतो ते शब्द आणि कधीच वापरणार नाही ते शब्द. दुसरा रकाना जास्त उपयोगी पडतो. आणि एक, सगळं पुस्तक बोलीत लिहू नका, दहा पानांनंतर वाचणारा दमतो. संवाद बोलीत ठेवायचे, बाकी प्रमाण मराठी, पण वाक्यं त्या माणसाच्या श्वासाएवढी.

नाव नाही म्हणून वाईट वाटतं का, हे सगळेच विचारतात. वाटतं की. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबांचं नाव येतं, लिहून घेणारे म्हणून, शके 1212 मध्ये, म्हणजे नुसतं उतरवून घेणाऱ्याला सातशे वर्षांपूर्वी श्रेय मिळालं आणि इथे अख्खं पुस्तक रचून आपण गायब. पण माझी रडगाणी बंद झाली ती मिल्ड्रेड वर्ट बेन्सन या बाईबद्दल वाचल्यावर.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली, जन्म 1905 चा, तिथल्या विद्यापीठातून पत्रकारितेत एमए. नॅन्सी ड्रू ही मुलींसाठीची डिटेक्टिव्ह मालिका 1930 मध्ये सुरू झाली, लेखिका म्हणून छापलेलं नाव कॅरोलिन कीन. ही कॅरोलिन कीन मुळात अस्तित्वातच नव्हती! स्ट्रेटमायर सिंडिकेट नावाची कंपनी कथानकाचा आराखडा द्यायची, लेखक तो फुलवायचे. पहिल्या 30 पुस्तकांतली 23 मिल्ड्रेडने लिहिली, सुरुवातीला एका पुस्तकाचे 125 डॉलर एकरकमी, रॉयल्टी नाही, आणि मीच लिहिलं असं कुठे बोलणार नाही यावर सही. मंदी आली तेव्हा कंपनीने रक्कम 75 वर आणली तर बाईंनी सरळ नकार दिला आणि मधली तीन पुस्तकं दुसऱ्याने लिहिली. हा नकाराचा भाग मला फार आवडतो. पुस्तकं लाखांनी खपली, हिच्याकडे त्यातलं काही आलं नाही, आणि खरी लेखिका कोण ते उघड्यावर आलं 1980 मध्ये, तेही दोन प्रकाशकांचं आपसात भांडण लागून कोर्टात साक्ष द्यावी लागली म्हणून. म्हणजे 50 वर्षं. तोवर ती ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराच्या पेपरात बातम्या लिहीत होती, आणि 2002 मध्ये 96 व्या वर्षी गेली त्या दिवशीसुद्धा ऑफिसात टेबलावर कामच करत होती. एकूण पुस्तकं 130 च्या वर.

तर आता कागदाबद्दल. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, त्यातलं कलम 19 तेवढं नीट वाचून ठेवा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात, तोंडी चालत नाही. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारत. समोरच्या पार्टीच्या वकिलाला हे माहीत असतं, आपल्यालाच नसतं. एका कामात मी नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर “हो दादा, करते” म्हणून चार महिने राबले, शेवटी घरात भावाभावांत वाटणीवरून फिसकटलं आणि पुस्तक रद्द झालं, मला सुरुवातीचे 15 हजार सोडून काही मिळालं नाही. तेव्हापासून चार हप्ते ठरलेले, सुरुवातीला, रेकॉर्डिंग संपल्यावर, पहिल्या खर्ड्यावर आणि अंतिम खर्ड्यावर. प्रकाशनावर एक रुपयाही अडकवायचा नाही, कारण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून पुस्तक वर्षभर गोदामात पडलेलं मी पाहिलंय. दुरुस्त्या किती वेळा करून देणार तेही लिहून घ्या, नाहीतर मेव्हणे, सूनबाई, गावचे गुरुजी सगळे आपापली लाल पेनं काढतात. मजकुरातल्या माहितीची जबाबदारी सांगणाऱ्याची, हे कलम तर हवंच. आत्मचरित्र म्हणजे निम्म्या लोकांना भावकीचा हिशोब चुकता करायची जागा वाटते आणि उद्या चुलतभावाने बदनामीचा दावा लावला तर?

थिसिस लिहून द्या, असंही येईल, पैसे चांगले असतात. नाही म्हणायचं. उद्योजकाची आठवण लिहून देणं वेगळं आणि कुणाची पीएचडी लिहून देणं वेगळं.

बारीकसारीक पण छळणारी गोष्ट, फॉन्ट. आपण युनिकोडमध्ये लिहितो, डीटीपीवाले, म्हणजे पानं लावणारे, ते श्रीलिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात, त्या बदलात ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरांची वाट लागते. अंतिम प्रूफ स्वतः मागून वाचा, करारात नसलं तरी.

आबांच्या प्रकाशनाला मी तिसऱ्या रांगेत होते. पाहुण्यांनी भाषेचं कौतुक केलं, आबा स्टेजवरून माझ्याकडे न बघता चष्मा पुसत राहिले. शेजारच्या काकांनी मला स्वतःची प्रत दाखवली, म्हणाले वाचाच तुम्ही, गड्याचा हात चांगलाय. मी म्हटलं, हो का, वाचते.

मिल्ड्रेडने स्वतःच्या नावाने पेनी पार्कर नावाची मालिका लिहिली होती आणि तिला स्वतःला तीच जास्त आवडायची. ते वाचून मीही दरवर्षी एखाद्या दिवाळी अंकाला माझ्या नावाने एक लेख द्यायला लागले, नवीन कामासाठी दाखवायलाही तोच उपयोगी पडतो कारण बाकी सगळं करारात बंद असतं. पहिल्या वर्षी साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घरावर लिहिलं, अगदी माझं, कुणाचं काही नाही असं. अंक आबांना पाठवला. आठ दिवसांनी फोन आला.

“वाचलं बरं का. झकास. पण त्यात ‘ओढाताण’ माझी हाय.”