डावखुऱ्यांची युकुलेली: तारा उलटवताना या चुका टाळा

नवी युकुलेली (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) हातात आली की डावखुऱ्या माणसाला पहिली घाई होते ती तारा उलटवायची, म्हणजे त्यांचा क्रम उलटा करायची. जरा थांबा. तारा सोडल्यावर दुकानदार वाद्य परत घेईलच असं नाही, म्हणून खोट आहे त्या स्थितीतच शोधा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) छेडून झणझण कुठे येते ते ऐका. मग मोकळी तार सुरात लावून बाराव्या पडद्यावर दाबा. ट्यूनरवर तोच स्वर वरच्या सप्तकातला यायला हवा. तिथे पडद्यापासून तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक.

काही जण तारा न बदलता वाद्यच फिरवून धरतात. वाजतं, पण सगळ्यात खालची ए तार वर येते आणि पुस्तकातली कॉर्ड बोटांना तशीच्या तशी बसत नाही.

खरी गोम मधल्या जोडीत आहे. गिटारच्या सवयीने आपण जाड तार कडेला शोधतो. नेहमीच्या जी-सी-ई-ए जुळणीत मात्र सगळ्यात जाड तार सी, आणि ती आतल्या बाजूला. कडेच्या जी आणि ए जाडीला जवळपास सारख्या, त्यांची अदलाबदल निमूट होते. सी मात्र नटवरच्या (मानेच्या टोकाशी तारा खाचांत धरणारी पट्टी) ई च्या अरुंद खाचेत जाते. भाचीच्या युकुलेलीवर मी हेच करून बसलो. मोकळ्या तारा सुरात, एफ कॉर्ड ठीक, पण ए मेजर (2100, म्हणजे जी दुसऱ्या पडद्यावर, सी पहिल्यावर, ई आणि ए मोकळ्या) बेसूर. दोन दिवस मी नव्या तारांना नावं ठेवली. शेवटी नटला नाक लावून पाहिलं, तर सी खाचेच्या तळाला टेकलीच नव्हती, वरच्या काठांवर बसली होती. त्यामुळे पहिल्या पडद्यावर दाबली की ताणली जाऊन चढी लागायची. खुंटी पिळताना नटपाशी ‘टक्’ असा आवाज आला तर तार अडकतेय हे ओळखा.

उपाय: 400 नंबरचा पॉलिश पेपर दुमडून खाचेच्या फक्त भिंती घासा, तळ नको. तळ खोल गेला तर मोकळी तारच झणझणते आणि नवा नट बसवावा लागतो. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मधे दाबा. पहिल्या पडद्यावर कागदाएवढी फट दिसली की पुरे. खालच्या सप्तकातली जाड जी लावणार असाल तर ए ची खाच याहून जास्त रुंदावावी लागेल.

चारही तारा एकदम काढल्या तर सॅडल (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) हातात येऊ शकतं. बऱ्याचदा ते चिकटवलेलं नसतं. वरची कड सरळ असेल तर चिंता नाही. एखाद्या तारेसाठी मागे सरकवलेली पायरी असेल तर सॅडल फिरवून भागत नाही, कारण पायरीचं तोंडही उलटं होतं. सरळ सॅडल बसवा.

तार तोडायची खात्रीची युक्ती म्हणजे चुकीची खुंटी पिळत राहणं. जागा बदलल्यावर हात जुन्याच खुंटीकडे जातो. पिळण्याआधी तारेवरून नजर फिरवा. सूर पहिले काही दिवस उतरत राहणार, नायलॉनचा तो स्वभावच आहे.

आणि मानेच्या कडेचे ठिपके आता जमिनीकडे पाहतात. वरच्या कडेला नेलपॉलिशचे टिपके द्या: 5, 7, 10 आणि 12 वर. गिटारवाल्यांनो, 9 नाही.