भारुडाचा अर्थ कसा लावावा : ‘विंचू चावला’ हाताशी घेऊन

‘विंचू चावला’ म्हटले की सोंग आठवते, कण्हणे आठवते. अर्थ विचारला तर ‘कामक्रोधापासून सावध राहावे’ असे एका ओळीचे उत्तर मिळते. या दोन्हींच्या मध्ये एकनाथांचे शब्द वाचायचे राहून जातात. भाषा, गोष्ट आणि धर्मविचार ही तिन्ही अंगे पाच लहान कडव्यांत पाहायला मिळावीत असे हे भारुड आहे. दोन रंगांच्या पेन्सिली, एक चांगला शब्दकोश (दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उत्तम) आणि दीड तास एवढी तयारी पुरते.

१. आधी पाठ नक्की करा

ऐकलेल्या गाण्यावरून लिहून घेऊ नका. सादर करणारा कलावंत मध्ये उद्गार, संवाद, विनोद घालतो. ते भारुडाच्या परंपरेला धरूनच असते, पण ते नाथांचे शब्द नव्हेत. गाथेच्या छापील प्रतीतून उतरवा आणि शक्य असल्यास दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहा. आपण हा पाठ घेऊ :

विंचू चावला वृश्चिक चावला । कामक्रोध विंचू चावला । तम घाम अंगासी आला ॥
पंचप्राण व्याकुळ झाला । त्याने माझा प्राण चालिला । सर्वांगाचा दाह झाला ॥
मनुष्य इंगळी अति दारुण । मज नांगा मारिला तिनें । सर्वांगी वेदना जाण । त्या इंगळीची ॥
ह्या विंचवाला उतारा । तमोगुण मागें सारा । सत्त्वगुण लावा अंगारा । विंचू इंगळी उतरे झरझरां ॥
सत्त्व उतारा देऊन । अवघा सारिला तमोगुण । किंचित् राहिली फुणफुण । शांत केली जनार्दनें ॥

२. रूपक बाजूला ठेवून गोष्ट लिहा

चार-पाच वाक्यांत फक्त विंचवाची गोष्ट लिहून काढा. डंख झाला, घाम सुटला, जीव कासावीस झाला, अंगभर आग झाली. मग उतारा सांगितला, अंगारा लावला, विष उतरले. थोडी फुणफुण उरली, तीही थांबली. बहुतेकजण ही पायरी गाळतात आणि थेट अध्यात्मात उडी घेतात. मग रूपक कशावर उभे आहे तेच कळत नाही. इथे घाम केवळ यमकासाठी आलेला नाही. लाल विंचवाच्या दंशात दरदरून घाम सुटणे हे वैद्यकानेही नोंदवलेले लक्षण आहे. आधी घाम, मग दाह, उतार पडल्यावर उरलेली ठणक हा क्रम ज्याने माणसाला तळमळताना पाहिले आहे त्याचा आहे.

३. दोन रंगांनी शब्द वेगळे करा

बोलीतले, घरातले शब्द एका रंगाने अधोरेखित करा : विंचू, घाम, इंगळी (मोठा, जहाल विंचू), नांगा (विंचवाची नांगी), उतारा, अंगारा, झरझरां, फुणफुण. शास्त्रातले दुसऱ्या रंगाने : वृश्चिक, कामक्रोध, तम, पंचप्राण, दाह, दारुण, सत्त्वगुण, तमोगुण.

आता जिथे दोन रंग एकमेकांना चिकटले आहेत तिथे खूण करा. ‘कामक्रोध विंचू’, ‘तम घाम’, ‘सत्त्वगुण लावा अंगारा’, ‘सत्त्व उतारा’. हे भारुडाचे सांधे. ‘कामक्रोध विंचवासारखा आहे’ असे नाथ कुठेही म्हणत नाहीत. ‘सारखा’, ‘जैसा’, ‘जणू’ यांपैकी एकही शब्द पाच कडव्यांत नाही. दोन शब्द शेजारी ठेवले की काम झाले. म्हणून ऐकणारा विंचू आणि विकार यांना वेगळे करू शकत नाही. दोन्ही एकाच वेळी अंगावर येतात. पहिल्याच ओळीत ‘विंचू’ आणि ‘वृश्चिक’ हे एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला, याचेही उत्तर इथे आहे. हे बोलणे गावातले आणि पोथीतले अशा दोन्ही बोलींत चालणार, हे तिथेच जाहीर होते.

अडखळायला लावणारी जोडी पुसून टाकू नका. ‘मनुष्य इंगळी’ याचा अर्थ माणूसपणाच डंख मारतो असा घ्यायचा, की माणसाला चावणारी इंगळी असा? दोन्ही वाचने लिहून ठेवा. एकच घ्यायचे असेल तर कारण द्या. मला पहिले पटते, कारण बाकीच्या सांध्यांतही पहिला शब्द शास्त्राचा आणि दुसरा बोलीचा, आणि दोन्ही एकच वस्तू, अशीच रचना आहे.

४. कोण बोलते ते व्याकरणावरून ओळखा

क्रियापदांची यादी करा. पहिल्या तीन कडव्यांत ‘चावला, आला, झाला, चालिला, मारिला’ असा भूतकाळ. चौथ्यात एकदम आज्ञा : ‘सारा’, ‘लावा’. रोग्याचा आवाज थांबून उतारा देणाऱ्याचा आवाज सुरू होतो. इथे यमकही बदलते : उतारा, सारा, अंगारा, झरझरां. मंत्र घालावा तशी लय धावू लागते. मोठ्याने म्हटल्याशिवाय हे जाणवत नाही. पाचव्यात पुन्हा भूतकाळ येतो, तो बरे झालेल्याचा.

मग ‘मी’ शोधा. ‘माझा’ दुसऱ्या कडव्यात, ‘मज’ तिसऱ्यात. दोन्ही वेदनेच्या भागात. उतारा मिळाल्यावर ‘मी’चे एकही रूप येत नाही. नाथांची नेहमीची मुद्रा, म्हणजे रचनेच्या शेवटी येणारी नावाची खूण, ‘एका जनार्दनी’. इथे शेवटी आहे फक्त ‘जनार्दनें’, ‘एका’ नाही. एवढ्यावरून ‘अहंकार नाहीसा झाला’ असे ठासून लिहिण्याची घाई नको, पण ही नोंद वहीत हवीच. पुढच्या पायरीत ती कामाला येते.

५. धर्मविचार मूळ ग्रंथाशी ताडून पाहा

‘षड्रिपू’ हा शब्द इथे थांबवा. भारुडात सहा नाहीत, दोनच विकार आहेत. काम-क्रोधाची जोडी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भेटते (३.३७), पण तिथे ते रजोगुणातून उपजतात असे म्हटले आहे. भारुडात मात्र मागे सारायचा आहे तो तमोगुण. ही विसंगती दडपू नका. एक उत्तर असे देता येते की गोष्ट डंखाच्या क्षणानंतर सुरू होते. चावला तो कामक्रोध, पण अंगात भिनला तो तम. ‘तम घाम अंगासी आला’ ही ओळ तेच सांगते, आणि उतारा भिनलेल्या विषावरच द्यायचा असतो.

आता सगळ्यात लहान शब्द घ्या : ‘फुणफुण’. सत्त्वगुणाने तमोगुण ‘अवघा’ सारला, तरी काहीतरी उरले. भागवताच्या अकराव्या स्कंधाच्या तेराव्या अध्यायातला पहिलाच श्लोक सांगतो की सत्त्वाने इतर दोन गुण जिंकावे आणि मग सत्त्वालाही सत्त्वानेच शमवावे. नाथांनी याच स्कंधावर ‘एकनाथी भागवत’ लिहिले, तेव्हा हा विचार त्यांच्या रोजच्या चिंतनातला. सत्त्व हा उतारा आहे, पण तोही गुणच; त्याच्या पलीकडे न्यायला जनार्दन लागतो. देवगिरीचे जनार्दनस्वामी हे नाथांचे गुरू, आणि जनार्दन हे भागवत सांगणाऱ्या कृष्णाचेही नाव. एकाच शब्दात गुरू आणि देव दोघे उभे राहतात. ‘चांगले वागा’ एवढाच अर्थ काढला तर भारुड चौथ्या कडव्यातच संपायला हवे होते.

६. लिहिताना

दीडशे ते दोनशे शब्द पुरे. पहिल्या वाक्यात आपला एक दावा मांडा, उदाहरणार्थ ‘या भारुडात सत्त्वगुण हा उपाय आहे, मुक्काम नव्हे’. प्रत्येक विधानामागे भारुडातला किमान एक शब्द अवतरणात द्या. ज्या विधानाला शब्द सापडत नाही ते काढून टाका. बहुधा ते पाठांतरातून आलेले असते. संतचरित्राला एक वाक्य बस्स.

ही रीत जमली की ‘मला दादला नको गं बाई’ हे भारुड घ्या. तिथे दोन रंगांची युक्ती सुरुवातीला फसेल, कारण मोडके घर, फाटके लुगडे, जोंधळ्याची भाकर यांत शास्त्राचा रंग लागतच नाही. शेवटच्या ओळीत ‘समरस’ येतो. मग तिथून उलटे, वरच्या दिशेने, एकेक ‘नाही’ मोजत वाचायचे.