सशासाठी औषध लिहून घेताना डॉक्टरांना काय विचारायचं

इंदूरमध्ये पाळीव प्राण्यांचे दवाखाने आता गल्लोगल्ली झालेत, पण तिथे येणारे पेशंट बहुतेक कुत्री नाहीतर मांजरं. सरकारी पशुचिकित्सालयात गायी-म्हशी. ससा क्वचितच येतो. डॉक्टर कितीही हुशार असले तरी हात सवयीने कुत्र्याच्या डोसाकडे, कुत्र्याच्या औषधाकडे जातो. सशाचं पोट मात्र घोड्याच्या जातीचं. चारा मोठ्या आतड्याच्या पिशवीत जंतूंकडून आंबवून घ्यायचा आणि त्यावर जगायचं. ते जंतू मेले की ससा जातो, मूळ आजार कितीही किरकोळ असो. म्हणून ‘औषध चांगलं आहे ना?’ हा प्रश्न काही कामाचा नाही. ‘हा डोस कशावरून काढला?’ हे विचारायचं, आणि ते दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी.

निघण्यापूर्वी

वजन घरीच करून घ्या. मोठ्या जनावरांच्या काट्यावर दीड किलोचा ससा एक किलोही दाखवतो नि दोनही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पसरट डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, ससा बसवा आणि आकडा ग्रॅममध्ये लिहा. लहान काटा पाच किलोपर्यंत जातो, तेवढा पुरतो.

त्याच कागदावर शेवटचं कधी खाल्लं, शेवटच्या लेंड्या कधी पडल्या, त्या नेहमीएवढ्या होत्या की बारीक, आधी कुठलं औषध दिलंय, हे लिहा. घरगुती उपायही लपवू नका. ग्राइप वॉटर, दही, माणसांचं मलम, पेट शॉपवाल्याने दिलेला स्प्रे, सगळं सांगा. उरलेल्या बाटल्या नि गोळ्यांच्या पत्ती सोबतच न्या.

एप्रिल-मे असेल तर सकाळचीच वेळ घ्या. इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि सशाला तिशीच्या वरचं ऊन सोसत नाही. दुपारी ऑटोतून नेलेला ससा दवाखान्यात पोचेपर्यंत दुसऱ्याच आजाराचा पेशंट झालेला असतो.

चिठ्ठीवर चार गोष्टी हव्यातच

औषधाचं साल्ट (म्हणजे कंपनीचं नाव नव्हे, आतल्या मूळ औषधाचं), दर किलोला किती मिलिग्रॅम, बाटलीत दर मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, आणि या सगळ्यावरून निघालेले मिलिलिटर. डॉक्टर मराठी असतील तर सरळ विचारा, “डॉक्टर, मिलिग्रॅम प्रति किलो किती धरलंय?” हिंदीत बोलायचं असेल तर, “डॉक्टर साहब, कितने एमजी पर केजी के हिसाब से लिखा है?” या प्रश्नाचा राग येण्याचं कारण नाही. ज्यांनी हिशेब केलाय ते लगेच सांगतात. ज्यांनी केलेला नाही ते तिथेच करतात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

उदाहरणाला मेट्रोनिडाझोल घ्या. सशाला ते साधारण २० मिलिग्रॅम प्रति किलो, १२ तासांनी देतात. ससा १.५ किलोचा, म्हणजे एका वेळी ३० मिलिग्रॅम. बाटलीवर छापलंय ‘२०० मिलिग्रॅम प्रति ५ मिलिलिटर’. म्हणजे एका मिलिलिटरला ४०, आणि डोस निघाला ०.७५ मिलिलिटर. लोक घसरतात ते ‘प्रति ५ मिलिलिटर’ या शब्दांवर. २०० हा आकडा एका मिलिलिटरचा समजलात तर डोस पाचपट कमी पडतो, आणि औषध लागू पडलं नाही असं म्हणत आठवडा जातो.

को-ट्रायमॉक्साझोलमध्ये आणखी एक गोम आहे. मुलांच्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल आणि ४० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असतं. सशासाठी ३० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणतात ते दोन्ही मिळून. दीड किलोला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.९४ मिलिलिटर. कोणी हाच आकडा नुसत्या ट्रायमेथोप्रिमचा धरला तर डोस सहापट होतो. म्हणून विचारायचं, “हा आकडा दोन्हींचा मिळून आहे ना?”

मग सिरिंज. मेडिकलवाल्याकडे ‘छोटी सिरिंज’ मागितली की तो बहुधा इन्सुलिनची देतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात, यू-४० आणि यू-१००. पहिलीत ४० खुणा म्हणजे एक मिलिलिटर, दुसरीत १००. ०.१ मिलिलिटर हवं असेल तर एकीवर ४ ची खूण, दुसरीवर १० ची. डॉक्टरांनी यू-१०० डोळ्यासमोर धरून ‘दहापर्यंत भरा’ म्हणावं आणि घरी यू-४० असावी, की अडीचपट औषध गेलंच. मागायची ती १ मिलिलिटरची साधी, ०.०१ च्या खुणा असलेली सिरिंज. सुई काढून टाका. कुठपर्यंत भरायचं ते डॉक्टरांकडून सिरिंजवरच पेनाने रेघ मारून घ्या.

काही नावं दिसली तर थांबायचंच

तोंडाने द्यायची पेनिसिलिन जातीची अँटिबायोटिक सशाला चालत नाहीत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, सगळी त्यातच. आपल्या घरातल्या कपाटात ती मॉक्स, ऑगमेंटिन, क्लॅव्हम या नावांनी पडलेली असतात, म्हणून साल्ट वाचायची सवय हवी. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, तोंडाने द्यायचं एरिथ्रोमायसिन आणि सेफॅलेक्सिनसारखी सेफॅलोस्पोरिनं यांचंही तेच. आतड्यातले चांगले जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो, त्याचं विष रक्तात उतरतं. पातळ जुलाब, थंड पडलेले कान, आणि एक-दोन दिवसांत ससा संपतो. औषध बंद केल्यावर काही दिवसांनीही हे उमटू शकतं, म्हणून ‘दोनच डोस दिले’ यात समाधान मानू नये.

चिठ्ठीवर यातलं काही आलं तर भांडायचं कारण नाही. “डॉक्टर साहब, ये मुँह से देना खरगोश में चलेगा? एनरोफ्लॉक्सासिन या सल्फा नहीं चलेगी?” एवढं पुरतं. एक बारकावा लक्षात असू द्या. पेनिसिलिन इंजेक्शनने देणं ही वेगळी गोष्ट आहे. जबड्यातल्या गळवासाठी जाणकार डॉक्टर ते कातडीखाली देतात. तेव्हा ‘पेनिसिलिन’ ऐकून घाबरू नका, तोंडाने की टोचून ते विचारा.

एनरोफ्लॉक्सासिन सशाला मानवतं, साधारण ५ ते १० मिलिग्रॅम प्रति किलो, १२ तासांनी. पण गुरांसाठीचं १० टक्क्यांचं इंजेक्शन फार जळजळीत असतं. तसंच टोचलं तर ती जागा काळी पडून सडते. “सलाइनमध्ये पातळ करून देताय ना?” हे टोचण्याआधी विचारायचं, आणि पुढचे डोस तोंडाने देता येतील का तेही.

पिसवा-गोचिडांसाठी फिप्रोनिल सशाला कधीच नाही. कुत्र्यांचे बरेच स्प्रे नि मानेवरचे थेंब त्याचेच असतात. झटके येऊन ससा मरतो. पेट शॉपमधून काहीही घ्या, बाटलीच्या मागचं साल्ट वाचूनच घ्या.

आणि स्टेरॉइड. कानातली खाज, डोळ्यातलं पाणी यावर कुत्र्याला बिनधास्त दिली जाणारी डेक्सामेथासोनची ड्रॉप्स सशाला सांभाळूनच. सशाच्या नाकात बरेचदा पाश्चुरेला नावाचा जंतू दबा धरून असतो. प्रतिकारशक्ती दबली की तो उठतो. डोळ्याच्या बाबतीत एकच प्रश्न, “फ्लोरेसीनचा रंग लावून बुबुळावर जखम नाही हे पाहिलंय का?” जखमेवर स्टेरॉइड पडलं तर डोळा हातचा जातो. घरातली खाजेची क्रीमही लावू नका. ससा ती चाटतो, म्हणजे ती पोटातच जाते.

खरूज: सगळ्यात लहान डोस, सगळ्यात मोठी चूक

नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या कडांवर पांढऱ्या खपल्या दिसल्या की आयव्हरमेक्टिन लिहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे. ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम प्रति किलो, कातडीखाली. पण गुरांचं १ टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. दीड किलोला ०.३ च्या दराने निघतात ०.०४५ मिलिलिटर, एक थेंबभर. इथे शून्य सरकलं की डोस दसपट. “हे एवढंसं कसं मोजणार?” हा प्रश्न बावळटपणाचा वाटतो, पण विचाराच. घरी पाण्यात पातळ करायचा उद्योग करू नका, आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही आणि कुठल्या थेंबात किती गेलं कळत नाही. खरजेच्या किड्यांच्या अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. त्या तारखा चिठ्ठीवर लिहून घ्या. कानातल्या खपल्या चिमटीने ओढून काढू नका. खाली कच्चं मांस असतं आणि औषधाने त्या आपोआप गळतात.

दुखण्याचं औषध मागून घ्यावं लागतं

ससा दुखणं दाखवत नाही, कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, आणि दुखत असलं की खात नाही. इथे चूक उलट्या बाजूला होते. कुत्र्याला मेलोक्सिकॅम ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो पुरतं. सशाचं शरीर ते भराभर निकाली काढतं, त्याला ०.३ ते १ मिलिग्रॅम लागतं. ०.५ धरलं तर दीड किलोला ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅमवाल्या सस्पेन्शनचं (पातळ औषधाचं) अर्धं मिलिलिटर. दोन प्रश्न सोबत हवेत. अंगात पाणी कमी झालेलं असताना ते मूत्रपिंडाला बाधतं, तर आधी सलाइन लागेल का? आणि हे नुसतंच मेलोक्सिकॅम आहे ना? मोठ्या जनावरांच्या काही इंजेक्शनांत त्याबरोबर पॅरासिटामॉलही असतं.

खाणं बंद झालं असेल तर

बारा तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी समजा. सकाळी बघू म्हणू नका. आतडी चालवायला मेटोक्लोप्रामाइड किंवा सिसाप्राइड लिहितात. त्याआधी विचारा, “आतडं कुठे तटलेलं नाही याची खात्री केलीत का?” पोट ढोलासारखं फुगलं असेल तर एक्स-रे हवा. तटलेल्या आतड्याला हाकणारं औषध दिलं तर ते फुटू शकतं. सिरिंजने भरवायचं असेल तर तेही तट नसल्याचं कळल्यावरच.

ऑपरेशन ठरलं तर कुत्र्याचा नियम, रात्रीपासून उपाशी ठेवायचा, सशाला लावू देऊ नका. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे उपाशी ठेवून फायदा नाही आणि आतडी मात्र थांबतात. भूल देण्याआधी डॉक्टर ॲट्रोपीन (लाळ नि हृदयाचे ठोके आवरणारं औषध) देणार असतील तर ते सशाला लागू पडेल का, हेही विचारा. पुष्कळ सशांच्या रक्तात ते मोडून टाकणारं एन्झाइम असतं, म्हणून जाणकार त्याऐवजी ग्लायकोपायरोलेट वापरतात.

घरी देताना

पहिला डोस दवाखान्यातच देऊन दाखवायला सांगा. टॉवेलमध्ये मागचे पाय नीट गुंडाळा, लाथ मारताना सशाचा कणा मोडू शकतो. सिरिंज समोरून नाही, बाजूने, पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून. एका वेळी ०.२ मिलिलिटर, गिळू द्या, मग पुढचं. मान वर करू नका आणि उताणा धरू नका, औषध फुप्फुसात जातं. पाण्याच्या बाटलीत मिसळायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. चव बदलली की ससा पाणीच सोडतो.

शेवटी विचारायचं ते हे: कुठल्या लक्षणावर औषध बंद करून फोन करायचा? अँटिबायोटिक चालू असताना लेंड्या मऊ झाल्या, खाणं निम्म्यावर आलं, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. रात्री फोन कोण उचलेल तेही विचारून ठेवा. इथल्या डॉक्टरांनी सशाचं काम नियमित करत नसल्याचं मोकळेपणाने सांगितलं, तर महूच्या व्हेटरनरी कॉलेजसाठी चिठ्ठी मागा. इंदूरपासून ते साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि तो वजनाचा कागद सोबत असू द्या.