आजारावरील संशोधनाची वाढ कशी मोजावी

एखाद्या आजारावरील संशोधन किती वेगाने वाढते आहे हे सांगण्यासाठी लागणारे गणित अर्ध्या तासात शिकता येते. खरा वेळ जातो तो नेमके काय मोजायचे हे ठरवण्यात, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

सुरुवात आजाराच्या नावांपासून करावी. एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद जून १९८१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली, ‘एड्स’ हे नाव १९८२ मध्ये आले आणि त्याच्या विषाणूला ‘एचआयव्ही’ हे नाव १९८६ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या शोधनिबंधांत हाच विषाणू एचटीएलव्ही-३ किंवा एलएव्ही या नावांनी भेटतो. त्यामुळे केवळ ‘एचआयव्ही’ हा शब्द घेऊन शोधणाऱ्याला १९८६ नंतर जी उसळी दिसते, तिच्यातला काही वाटा संशोधनाचा नसून नामकरणाचा असतो. म्हणून सर्व जुनी-नवी नावे आणि पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन डेटाबेसमधील मेश ही प्रमाणित विषयसंज्ञा यांचा एकत्रित शोध घ्यावा, आणि शोधसूत्र तारखेसह जसेच्या तसे नोंदवून ठेवावे. आणखी एक खाच अशी की, तेथील १९७५ पूर्वीच्या नोंदींना बहुधा सारांश जोडलेले नसतात. सारांशातील शब्द शोधले तर जुनी वर्षे विनाकारण रोडावलेली दिसतात.

पबमेडच्या निकालपानावर वर्षवार आलेख मिळतो आणि त्याचे आकडे उतरवूनही घेता येतात, पण ते डोळे झाकून वापरू नयेत. ऑनलाइन एका वर्षी आणि छापील अंकात पुढच्या वर्षी आलेला निबंध त्यात दोन्ही वर्षांत मोजला जातो, त्यामुळे वर्षांची बेरीज एकूण निकालांपेक्षा जास्त भरते. प्रत्येक निबंधाला एकच वर्ष द्यावे. चालू वर्ष तर वगळावेच.

आता गणित. समजा, तीन वर्षांत अनुक्रमे १००, १२० आणि १४० निबंध प्रसिद्ध झाले. संचयी संख्या, म्हणजे पहिल्या वर्षापासूनची एकूण बेरीज, १००, २२० आणि ३६० होते. सापेक्ष वाढदर म्हणजे लागोपाठच्या दोन संचयी संख्यांच्या नैसर्गिक लॉगमधील फरक: दुसऱ्या वर्षी ५.३९४ वजा ४.६०५, म्हणजे ०.७८९, आणि तिसऱ्या वर्षी ०.४९२. या दराने ०.६९३ ला, म्हणजे २ च्या नैसर्गिक लॉगला, भागले की दुपटीचा काळ मिळतो. येथे तो ०.८८ वर्षावरून १.४१ वर्षांवर जातो.

अनेक प्रबंधांत एवढ्यावरूनच ‘संशोधनाचा वेग मंदावला’ असा निष्कर्ष काढलेला आढळतो, आणि तो मला मान्य नाही. वरच्या उदाहरणात दरवर्षीचे निबंध वाढतच आहेत. दर घटला तो मागची शिल्लक मोठी होत गेल्यामुळे. दरवर्षी नेमके १०० निबंध आले असते तरी तो ०.६९३ वरून ०.४०५ वर उतरला असता. म्हणून सापेक्ष वाढदराच्या शेजारी वार्षिक संख्येचा चक्रवाढ वाढदर अवश्य द्यावा. १४० ला १०० ने भागून त्याचे वर्गमूळ घेतले आणि १ वजा केला की तो सुमारे १८.३ टक्के येतो. मात्र हा दर केवळ पहिल्या आणि शेवटच्या वर्षावर टेकलेला असल्याने, साथीच्या वर्षापासून सुरुवात केली तर तो फसवतो. मालिका दीर्घ असेल तर वार्षिक संख्या लॉग मापनाच्या आलेखावर मांडावी. बिंदू सरळ रेषेत आले तर वाढ घातांकी, म्हणजे दरवर्षी सारख्याच टक्क्यांनी होणारी, आहे असे म्हणता येते, आणि रेषा वाकू लागली तर ते वळण कोणत्या वर्षी आले हे पाहावे.

शेवटी तुलना. विज्ञानसाहित्य साधारण १० ते १५ वर्षांत दुप्पट होते, असे विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६० च्या दशकात मांडले होते. सगळेच वाढत असताना एका आजारावरील निबंध वाढणे ही बातमी नव्हे. त्याच डेटाबेसमधील त्या-त्या वर्षीच्या एकूण नोंदींशी आपल्या निबंधांचे प्रमाण काढावे. दर लाख नोंदींमागे हा आकडा स्थिर असेल, तर संख्या दुप्पट झालेली असूनही त्या आजाराचा वाटा वाढलेला नाही, असेच अहवालात लिहावे.